निवड झाली, पुढे काय?

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलामुलींचे पहिल्या वर्षाचे निकाल लागले, की त्यांतल्या अनेकांना कुठल्या ना कुठल्या ऑनर सोसायटीचं पत्र येतं. तुमचा जीपीए वर्गातल्या वरच्या अमुक टक्क्यांत बसतो, सदस्यत्वासाठी तुमची निवड झाली आहे, या तारखेपर्यंत होकार कळवा आणि शुल्क भरा, असा मजकूर असतो. शुल्क बऱ्याच ठिकाणी शंभर डॉलरच्या आगेमागे असतं. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीसच तास काम करता येतं. त्यातल्या सात-आठ तासांची कमाई या एका होकारात जाते. म्हणून पुण्याला, नाशिकला, सांगलीला फोन येतो : ‘जॉइन करू का? रेझ्युमेला उपयोग होईल ना?’

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, आणि विचारणाऱ्याची काळजी खरी असते. पण उपयोगाचा हिशेब मांडायच्या आधी ही सोसायटी नेमकी करते काय, हे क्वचितच कुणी विचारतं. माझं म्हणणं असं आहे, की ऑनर सोसायटीची पत निवडीच्या टक्केवारीवरून ठरत नाही. निवडलेल्यांना एकत्र बसवून ती त्यांच्याकडून काय करून घेते, यावरून ठरते. जिथे बसणं नाही, बोलणं नाही, काम नाही, तिथे सोसायटी नाहीच. तिथे उरतो तो नुसता ऑनर, आणि तो तर गुणपत्रिकेवर आधीच छापलेला असतो.

या परंपरेचं मूळ पाहिलं तर हे चटकन पटतं. फाय बीटा कप्पा ही अमेरिकेतली सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत मानाची समजली जाणारी ऑनर सोसायटी. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग गावी विल्यम अँड मेरी कॉलेज आहे. तिथल्या पाच विद्यार्थ्यांनी ५ डिसेंबर १७७६ रोजी ती स्थापन केली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. त्या कॉलेजात त्याआधीही विद्यार्थ्यांचे क्लब होते. त्यांतल्या एका क्लबाचा थॉमस जेफरसन विद्यार्थिदशेत सभासद होता, आणि उतारवयात त्यानंच लिहून ठेवलं, की त्या क्लबाला उपयोगाचं असं काही उद्दिष्ट नव्हतं. फाय बीटा कप्पाच्या मुलांनी मात्र उद्दिष्ट पहिल्यापासून पक्कं धरलं. बैठकीत निबंध वाचायचे, वाद घालायचे, एकानं एक बाजू तर दुसऱ्यानं दुसरी बाजू मांडायची. आफ्रिकी लोकांची गुलामगिरी न्याय्य आहे का, हा त्यांच्या वादाचा एक विषय होता. गुलामांच्या श्रमावर उभ्या असलेल्या व्हर्जिनियात विशी न गाठलेल्या मुलांनी हा विषय चर्चेला घ्यावा, याचं मोल मला फार वाटतं. त्यांनी गुलामगिरी संपवली असं नव्हे. पण घरात ज्याबद्दल अवाक्षर काढायची सोय नव्हती, ते बोलायला त्यांनी एक जागा केली.

ही जागा गुप्त होती. आपसांत ओळख पटवायला खूण होती, हस्तांदोलनाची ठरावीक पद्धत होती, शपथ होती. आज हे पोरकट वाटेल, पण बंद दाराआड बोलल्यामुळे वडीलधाऱ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या मर्जीची चिंता सुटत होती. आणि या सगळ्यात गुणांचा कुठे संबंध नव्हता. आजच्या अर्थानं ग्रेड तेव्हा नव्हत्याच. सभासद नव्या माणसाला पारखायचे ते त्याच्या बोलण्यावरून, वागण्यावरून. १७८१च्या सुरुवातीला ब्रिटिश फौजा जवळ येऊ लागल्या आणि मूळ शाखा बंद पडली. तोवर पन्नासेक जण सभासद झाले होते. पुढे अमेरिकेचा सरन्यायाधीश झालेला जॉन मार्शल त्यांतलाच. नशिबानं येल आणि हार्वर्डला शाखा काढायची परवानगी आधीच दिली गेली होती, म्हणून संस्था तगली.

त्यानंतर जे झालं ते बहुतेक संस्थांचं होतं. १८३१मध्ये हार्वर्डच्या शाखेनं गुप्तता सोडली. गुप्त मंडळांविरुद्ध, विशेषतः फ्रीमेसन मंडळींविरुद्ध, तेव्हा देशात मोठा रोष होता. गुप्तता गेली ते योग्यच झालं. पण त्याबरोबर बैठकीतला वादही मागे पडत गेला, आणि एकोणिसावं शतक सरेपर्यंत वर्गातला वरचा क्रमांक हीच सभासदत्वाची मुख्य ओळख झाली. वाद घालणाऱ्यांची मंडळी हळूहळू गुणवंतांची यादी बनली.

ही यादी किती अपुरी आहे, याचा पुरावा खुद्द फाय बीटा कप्पाच्याच इतिहासात आहे. ३१ ऑगस्ट १८३७ रोजी केंब्रिजमध्ये हार्वर्डच्या शाखेपुढे राल्फ वॉल्डो इमर्सननं भाषण केलं. ‘द अमेरिकन स्कॉलर’ या नावानं ते प्रसिद्ध आहे. युरोपची उसनी विद्या पुरे झाली, आता आपल्या अनुभवातून आपण विचार करायला शिकलं पाहिजे, असा त्याचा गाभा. लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्सनं पुढे या भाषणाला अमेरिकेच्या बौद्धिक स्वातंत्र्याचा जाहीरनामाच म्हटलं. या संस्थेच्या व्यासपीठावरून इतकं दूरवर पोचलेलं दुसरं भाषण मला माहीत नाही. आणि ते करणारा माणूस हार्वर्डमध्ये वर्गात मधल्या क्रमांकावर होता. विद्यार्थी असताना फाय बीटा कप्पानं त्याला निवडलं नव्हतं, मानद सभासद तो नंतर झाला. त्या भाषणात त्यानं पुस्तकातला किडा आणि विचार करणारा माणूस यांत जो फरक केला, तो समोर बसलेल्या निवडक गुणवंतांना उद्देशून केला होता. विद्वानाला पुस्तकांइतकीच निसर्गाची आणि प्रत्यक्ष कृतीची गरज आहे, कृतीवाचून विचार पिकत नाही, हे त्यानं त्यांना बजावलं. पत्र आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यानं आधी हे भाषण वाचावं आणि मग शुल्काचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. निवडक लोकांची मंडळी म्हटली की वगळलेले लोक आलेच. मग अशा संस्था हव्यातच कशाला? हा आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूनं इतिहास भरभक्कम आहे. जवळजवळ शंभर वर्षं फाय बीटा कप्पात एकही स्त्री नव्हती. १८७५मध्ये व्हर्मांट विद्यापीठाच्या शाखेनं पहिल्यांदा दोन मुलींना घेतलं. १८७७मध्ये त्याच शाखेनं जॉर्ज वॉशिंग्टन हेंडरसन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याची निवड केली. फार काळ हा पहिलेपणाचा मान येलच्या एडवर्ड बूशे यांना दिला जात असे. बूशे १८७४मध्ये येलमधून पदवीधर झाले. १८७६मध्ये त्यांनी येलमध्येच भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवली. अमेरिकेत ही पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. येलची शाखा त्या काळात बंद होती. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा, १८८४मध्ये, त्यांची निवड झाली. फाय बीटा कप्पाचा सभासद, येलचा डॉक्टरेट झालेला माणूस, पण कुठल्याही गोऱ्या विद्यापीठानं त्यांना प्राध्यापक म्हणून घेतलं नाही. फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत त्यांनी सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं.

बूशे यांची कहाणी मी सांगतो ती ऑनर सोसायटीचा मान जगाच्या व्यवहारात किती तोकडा पडतो, हे दाखवायला. त्यांच्या सभासदत्वानं त्यांच्यासाठी एकही दार उघडलं नाही, कारण त्यांच्या बाजूनं बोलायचं काम त्या मंडळीनं आपलं मानलं नव्हतं. हॉवर्ड आणि फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांत फाय बीटा कप्पाची शाखा निघायला १९५३ उजाडावं लागलं. तोवर थांबून न राहता कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांनी १९३७मध्ये अल्फा कप्पा म्यू ही स्वतःची ऑनर सोसायटी काढली होती. आणि २००५मध्ये येल आणि हॉवर्ड या दोन विद्यापीठांनी मिळून बूशे यांच्याच नावानं पदव्युत्तर विद्यार्थ्यांची एक ऑनर सोसायटी स्थापन केली. तिच्या निकषांत अभ्यासाबरोबर सेवा आहे, आणि ज्यांना उच्च शिक्षणात जागा मिळाली नाही त्यांच्या बाजूनं उभं राहणंही आहे. वगळण्याच्या आक्षेपाला मला हेच उत्तर योग्य वाटतं. निवड कुणीतरी करणारच. पण निवडलेल्याच्या अंगावर न निवडलेल्याची जबाबदारी टाकली, तर त्या निवडीला अर्थ येतो.

जबाबदारी टाकणं म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून सांगतो. टाउ बीटा पाय ही इंजिनिअरिंगची ऑनर सोसायटी. १८८५मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात ती निघाली. फाय बीटा कप्पाचा मान कला आणि शुद्ध विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मिळतो, इंजिनिअरना नाही, ही रुखरुख तिच्या मुळाशी होती. (इंजिनिअर मुलींना मात्र पूर्ण सभासदत्व मिळायला १९६९ साल यावं लागलं. त्याआधी काही काळ त्यांना वेगळा बिल्ला देऊन बोळवण होत असे.) तिसऱ्या वर्षाच्या वर्गातले वरचे एक अष्टमांश आणि शेवटच्या वर्षातले वरचे एक पंचमांश विद्यार्थी निवडीला पात्र ठरतात. पण पात्र ठरणं ही सुरुवात असते. माझ्या ओळखीची सांगलीकडची एक मुलगी मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात मेकॅनिकलचं एम.एस. करत असताना या प्रक्रियेतून गेली. तिला हातात एक ब्राँझचा ओतीव तुकडा दिला गेला. रेल्वेपुलाच्या आधाराच्या चौकटीचा आकार, कडांना ओतकामाची खरबड तशीच. तो कानशीनं घासायचा, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक, असं करत आरशासारखा चकचकीत करायचा. तो खिशात घेऊन हिंडायचं आणि जुन्या सभासदांना भेटून, दोन शब्द बोलून त्यांच्या सह्या गोळा करायच्या. शिवाय दर आठवड्याला लायब्ररीच्या तळघरात बसून पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना स्टॅटिक्स शिकवायचं. एका अमेरिकन मुलाला तुळईचा फ्री-बॉडी डायग्राम काढताना आधाराशी येणारं बल कुठल्या दिशेला दाखवायचं, ते काही केल्या कळेना. हिनं टेबलाच्या कडेवर पट्टी ठेवली, तिचं एक टोक त्याच्या बोटावर टेकवलं आणि मधोमध खोडरबर ठेवलं. बोटाला भार जाणवला, आणि पट्टी वर धरून ठेवायला बोट उलट वर रेटतंय हे त्याला कळलं. ती मला म्हणाली, ‘काका, वालचंदला असताना मी हे पाठ केलं होतं. समजलं त्या दिवशी.’

या मुलीच्या रेझ्युमेवर टाउ बीटा पायची एक ओळ आहे. मुलाखतीत तिला त्याबद्दल विचारलं गेलं तेव्हा तिच्याकडे सांगायला काहीतरी होतं. नुसतं पत्र आणि पावती असणाऱ्याकडे सांगायला काय असतं?

रेझ्युमेचा मुद्दा निघालाच आहे, तर तोही स्पष्ट करून टाकतो. अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकरीत मान्यताप्राप्त ऑनर सोसायटीच्या सदस्यत्वाचा ठोस फायदा आहे. पदवीधर उमेदवाराला त्या आधारावर वरच्या श्रेणीत, जीएस-७मध्ये, प्रवेश मिळू शकतो. पण त्या नोकऱ्या साधारणपणे अमेरिकन नागरिकांसाठीच असतात. आपल्याकडून व्हिसावर गेलेल्या मुलाला हा फायदा नाही. खासगी कंपन्यांत प्रोजेक्ट, इंटर्नशिप आणि तांत्रिक मुलाखत यांच्यापुढे ही ओळख फार मागे पडते. आणि नुसत्या उंच जीपीएचं अप्रूप तर तिकडेच ओसरत चाललं आहे. २००१मध्ये हार्वर्डच्या पदवीधरांपैकी ९१ टक्क्यांना ‘ऑनर्स’सह पदवी मिळाल्याचं बाहेर आलं आणि केवढी चर्चा झाली. प्रिन्स्टननं २००४मध्ये ‘ए’ ग्रेडचं प्रमाण ३५ टक्क्यांवर आणायचं धोरण आखलं आणि दहा वर्षांनी ते मागे घेतलं. सगळेच वरच्या श्रेणीत असतील, तर वरच्या श्रेणीच्या जोरावर मिळालेल्या सदस्यत्वातून मालकाला काय नवं कळणार?

उलट जिथे आपलं लक्षही जात नाही, तिथे ऑनर सोसायटी ही संस्था खरोखर कामाची ठरते. अमेरिकेत दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं आहेत. नोकरी करून शिकणारे, मुलं सांभाळून शिकणारे, घरात कुणीच कॉलेजात न गेलेले असे विद्यार्थी तिथे मोठ्या संख्येनं असतात. त्यांची ऑनर सोसायटी म्हणजे १९१८मध्ये स्थापन झालेली फाय थीटा कप्पा. चार वर्षांची अनेक विद्यापीठं तिच्या सभासदांना पुढच्या शिक्षणासाठी खास शिष्यवृत्त्या देतात. हार्वर्डच्या विद्यार्थ्याला फाय बीटा कप्पाच्या मानाची सोन्याची किल्ली मिळाली काय, न मिळाली काय, त्याचं फारसं अडत नाही. रात्रपाळी करून पंचेचाळिसाव्या वर्षी अकाउंटिंग शिकणाऱ्या बाईला मात्र ‘तू या मंडळीतली आहेस’ असं कुणी म्हणणं आणि पुढच्या फीची वाट दाखवणं, यानं सगळा फरक पडतो. मानाची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्याला तो देणारी संस्था माझ्या लेखी सर्वांत मोठी.

आपल्या घरांत या पत्राचं एवढं कौतुक का होतं, हेही समजण्यासारखं आहे. ‘बोर्डात येणं’ ही आपली कितीतरी वर्षांची भाषा. दहावी-बारावीची गुणवत्ता यादी बंद होऊन बराच काळ लोटला, पण आई-वडील पेढा भरवतायत तो वर्तमानपत्रातला फोटो आपल्या मनातून गेलेला नाही. त्या यादीत आलेल्यांकडून समाजानं पुढे काही मागितलं नाही. सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं, विषय संपला. याहून जुनी आणि चांगली रीत आपल्याकडेच होती. पेशव्यांच्या काळातल्या दक्षिणेच्या रकमेतून इंग्रजी अमदानीत कॉलेजांमध्ये दक्षिणा फेलो नेमले जात. रानडे एल्फिन्स्टनमध्ये असे फेलो होते, आगरकर डेक्कन कॉलेजात. फेलोला वेतन मिळे, आणि खालच्या वर्गांना शिकवणं हे त्याचं काम असे. मान, पैसा आणि कर्तव्य तिन्ही एका नेमणुकीत येत. त्या व्यवस्थेतही वगळलेले पुष्कळ होते, ते विसरून चालणार नाही. पण ज्याचा सन्मान करायचा त्याच्याकडूनच पैसे घ्यायचे, ही कल्पना तिच्यात नव्हती.

म्हणूनच शुल्काबद्दल मी थोडा आग्रही आहे. निवडीला पात्र ठरलेला एकही विद्यार्थी पैशांअभावी बाहेर राहू नये, ही जबाबदारी विद्यापीठाची आहे. काही विभाग आणि काही शाखा हे शुल्क स्वतः भरतात, पण ते मागावं लागतं. आपली मुलं संकोचानं मागत नाहीत. शाखेच्या सल्लागार प्राध्यापकाला सरळ लिहावं, की मला यायचं आहे, शुल्क जड जातंय, काही सोय आहे का. यात कमीपणा कसला?

लिहिण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासाव्यात. ही सोसायटी असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज या १९२५पासूनच्या महासंघात आहे का? नसली म्हणजे वाईटच असं नाही. फाय बीटा कप्पाही त्या महासंघाबाहेरच आहे. पण असली तर किमान निकष पाळले जातात याची खात्री होते. सर्व विषयांसाठीच्या सोसायटीला तिथे वर्गातल्या वरच्या वीस टक्क्यांच्या आत राहावं लागतं, एका विषयापुरत्या सोसायटीला पस्तीस टक्क्यांच्या आत. दुसरं, आपल्या कॅम्पसवर तिची शाखा आहे का, की सगळा कारभार दूरच्या कुठल्या कार्यालयातून ईमेलनं चालतो? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गेल्या वर्षभरात त्या शाखेनं काय केलं? शिकवणीचे तास, व्याख्यानं, शाळांतल्या मुलांसाठीचं काम, निदान महिन्यातून एक बैठक, यांतलं काही आहे का? सचिव कोण आहे ते शोधून त्याच्याशी पाच मिनिटं बोललं तरी हे कळतं. त्याला सांगता आलं नाही, तर आभार मानून नकार कळवावा. अशा नकारानं कुणाचंही करिअर अडत नाही, आणि शंभर डॉलरमध्ये त्या सत्राची निम्मी पुस्तकं येतात.

होकार दिला, तर पहिल्या महिन्यातच काहीतरी अंगावर घ्यावं. इंडक्शनच्या समारंभात मिळालेली दोरी पदवीदानाला गाऊनवर घालता येईल, तिला हरकत नाही. पण मधल्या काळात कुणी बोलावण्याची वाट पाहू नये. वर्ष सरत आलं आणि शाखा निजलेली दिसली, तर पुढच्या निवडणुकीत पद मागावं. या शाखांचे पदाधिकारी विद्यार्थीच असतात, आणि काम करणारा माणूस समोर आला तर त्याला नको म्हणणारं सहसा कुणी नसतं.